वस्तीने मागून घेतलेलं कॉलेज: ब्रुकलिनच्या मेडगर एव्हर्सचं प्रकरण

'लोकांच्या मागणीतून ही संस्था उभी राहिली' हे वाक्य जवळपास प्रत्येक कॉलेजच्या स्मरणिकेत सापडतं. पुढच्या पानांवर मात्र लोक नसतात. असतात देणगीदार, उद्घाटक आणि कोनशिला. त्यामुळे लोकसहभागातून कॉलेज निघतं तेव्हा प्रत्यक्षात काय घडतं हे बघायचं, तर लोकांनी काय मागितलं, त्यातलं काय पदरात पडलं आणि पुढे काय हातचं गेलं, हे तिन्ही वेगळं काढून दाखवता येईल असं प्रकरण निवडावं लागतं. न्यू यॉर्क शहरातल्या ब्रुकलिनचं मेडगर एव्हर्स कॉलेज हे तसं प्रकरण आहे. हे कॉलेज सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यू यॉर्कचा भाग आहे. म्हणजे पैसा सरकारी आणि कायद्याने मालकी विद्यापीठाची. वस्तीने वर्गणी काढली, जमीन दिली आणि म्हणून हक्क सांगितला, असा इथे मामला नाही. हक्क भांडूनच तयार करावा लागला.

फी नव्हती, तरी दार बंद होतं

बेडफर्ड-स्टायव्हसंट, लोकांच्या तोंडी 'बेड-स्टाय', ही मध्य ब्रुकलिनमधली वस्ती. १९६० च्या दशकाच्या मध्यावर इथे चार लाखांच्या आसपास लोक राहत होते, बहुतेक कृष्णवर्णीय. कुणाचे आईबाप दक्षिणेकडच्या राज्यांतून आलेले, कुणाचे कॅरिबियन बेटांवरून. ब्रुकलिनमध्ये सार्वजनिक कॉलेजं नव्हती असं नाही. ब्रुकलिन कॉलेज १९३० पासून होतं, किंग्जबरो कम्युनिटी कॉलेज १९६३ मध्ये निघालं होतं. पण ते पार दक्षिणेच्या टोकाला, समुद्राकाठी. आणि सिटी युनिव्हर्सिटीच्या परंपरेनुसार १८४७ पासून, म्हणजे तिचं पहिलं कॉलेज 'फ्री अकॅडमी' म्हणून स्थापन झालं तेव्हापासून, शहरातल्या नियमित विद्यार्थ्यांना शिकवणी फी माफ होती.

घोडं अडत होतं ते प्रवेशावर. चार वर्षांच्या कॉलेजात जागा मिळायची शाळेतल्या गुणांच्या सरासरीवर. बेड-स्टायच्या शाळा गर्दीने भरलेल्या होत्या आणि कितीतरी मुलांना कॉलेजकडे जाणाऱ्या अभ्यासक्रमापर्यंत पोचूच दिलं जात नव्हतं. ब्रुकलिन कॉलेजमधले विद्यार्थी त्या काळी बहुतांशी गोरे होते. फुकट शिक्षणाचा खर्च शहराच्या करांतून निघत होता, आणि कर बेड-स्टायचे लोकही भरत होते. या मागणीत गरिबीच्या गाऱ्हाण्यापेक्षा हिशेबाचा भाग मोठा होता, तो इथून आला.

केनेडींची फेरी

४ फेब्रुवारी १९६६ या दिवशी सिनेटर रॉबर्ट केनेडी बेड-स्टायच्या रस्त्यांवरून फिरले. त्यांना फिरवणाऱ्यांत एल्सी रिचर्डसन होत्या, सेंट्रल ब्रुकलिन कोऑर्डिनेटिंग कौन्सिलच्या. गल्लीगल्लीतल्या रहिवासी समित्या, चर्च, पालक संघ या सगळ्यांची मोट बांधलेली ही संघटना. तिचा गाडा ओढणाऱ्यांत बायका जास्त. पडीक घरं, उचलला न गेलेला कचरा हे सगळं दाखवून झाल्यावर स्थानिक वाय.एम.सी.ए. मध्ये बैठक झाली. तिथे पाहुण्यांचं स्वागत झालं ते खडे बोल सुनावून. पाहण्या पुष्कळ झाल्या, अहवालही झाले, आता विटा-सिमेंट काय ते दाखवा, असा एकूण सूर होता. केनेडींना ते झोंबलं, पण त्यांनी ते मनावरही घेतलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी वस्तीच्या पुनरुज्जीवनाची योजना जाहीर केली.

कॉलेजच्या प्रकरणात ही हकिकत का सांगायची? कारण त्या योजनेतून वस्तीला जो धडा मिळाला तो कॉलेजच्या वाटाघाटींत उपयोगी पडला. योजनेसाठी दोन मंडळं नेमली गेली. एक स्थानिक लोकांचं. दुसरं बड्या उद्योगपतींचं आणि बँकरांचं, त्यात आयबीएम या संगणक कंपनीचे थॉमस वॉटसन होते, सीबीएस या रेडिओ-टीव्ही कंपनीचे विल्यम पेली होते. स्थानिकांनी काय हवं ते सांगायचं आणि पैशाची दारं दुसऱ्यांनी उघडायची, अशी वाटणी. त्यातही १९६७ च्या वसंतात स्थानिक मंडळात किती आणि कुणाला घ्यायचं यावरून फूट पडली. जुनं मंडळ मागे पडलं, 'बेडफर्ड-स्टायव्हसंट रिस्टोरेशन कॉर्पोरेशन' हे नवं उभं राहिलं, आणि ज्या बायकांनी वर्षानुवर्षं वस्तीत काम केलं होतं त्यांतल्या कितीतरी जणी बाजूला पडल्या. सल्ला विचारला म्हणजे सत्ता मिळाली असं नव्हे, हे मध्य ब्रुकलिनच्या लोकांनी कॉलेजचा विषय मेजावर येण्याआधीच अनुभवलं होतं.

क्रमांक सात

१९६८ च्या सुमारास शहराच्या उच्च शिक्षण मंडळाने, म्हणजे त्या काळच्या सिटी युनिव्हर्सिटीच्या नियामक मंडळाने, बेड-स्टायसाठी एक कॉलेज काढायचं ठरवलं. कागदोपत्री त्याला नाव नव्हतं. होता तो क्रमांक: कम्युनिटी कॉलेज क्रमांक सात. साउथ ब्राँक्समध्ये प्वेर्तो रिकन लोकांच्या मागणीवरून जे कॉलेज मंजूर झालं ते क्रमांक आठ, त्याचंच पुढे होस्टोस कॉलेज झालं.

एरवी एखाद्या वस्तीने एवढ्यावर पेढे वाटले असते. इथे उलट झालं. वस्तीतल्या संघटनांनी एकत्र येऊन आघाडी उभी केली, 'बेडफर्ड-स्टायव्हसंट कोअलिशन ऑन एज्युकेशनल नीड्स अँड सर्व्हिसेस', आणि मंडळाशी बोलणी सुरू केली. अल व्हॅन हे आफ्रिकन-अमेरिकन शिक्षकांच्या संघटनेचे अध्यक्ष या बोलण्यांत पुढे होते. पुढे ते बरीच वर्षं राज्याच्या विधिमंडळात होते. आघाडीच्या मागण्यांचा गाभा असा: कॉलेज दोन नव्हे, चार वर्षांचं हवं, त्याचा अध्यक्ष निवडताना वस्तीचा शब्द हवा, आणि कारभारात वस्तीला कायमची जागा हवी.

पहिली मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्यापाशी जरा थांबतो. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि शेवटी असोसिएट पदवी. पुढे शिकायचं असेल तर चार वर्षांच्या दुसऱ्या कॉलेजात बदली मागायची. ज्या वस्तीतली मुलं मुळात दारातच अडवली जात होती, तिला देऊ केलेलं कॉलेज हे अर्ध्या जिन्यासारखं होतं: दोन वर्षं चढायचं आणि मग पुन्हा त्याच बंद दारापुढे उभं राहायचं. दोन वर्षांचं कॉलेज देणाऱ्यांच्या मनात काही वाईट होतं असं मानायचं कारण नाही. वस्तीला नोकरीपुरतं कौशल्य लागतं, ते द्यावं, असा त्यांचा सरळ हिशेब. पण वस्तीला काय लागतं हे बाहेरच्यांनी गृहीत धरण्यावरच तर वाद होता.

हा वाद हवेत चालला नव्हता. शेजारच्या ओशन हिल-ब्राउन्सव्हिल भागात शाळांचा कारभार स्थानिक मंडळाकडे देण्याचा प्रयोग १९६७ पासून सुरू होता. मे १९६८ मध्ये त्या मंडळाने १९ शिक्षक-प्रशासकांना भागाबाहेर पाठवायचं ठरवलं आणि शिक्षक संघटना खवळली. त्या शरद ऋतूत सप्टेंबर ते नोव्हेंबर दरम्यान तीनदा संप झाला. सुमारे दहा लाख मुलांची शाळा मिळून ३६ दिवस बुडाली. ब्रुकलिनमध्ये 'लोकांच्या ताब्यातलं शिक्षण' हे शब्द उच्चारले की एका बाजूला आशा आणि दुसऱ्या बाजूला धडकी, अशी अवस्था. व्हॅन स्वतः ओशन हिल-ब्राउन्सव्हिलच्या शाळेत काम केलेले. विद्यापीठाच्या मंडळाला समोर बसलेल्या माणसांत या लढाईची पुढची फेरी दिसत असणार, हा माझा तर्क. पण त्याशिवाय बोलणी एवढी ताणली गेल्याचं कारण लागत नाही. दुसरीकडे वस्तीचं राजकीय वजनही वाढत होतं. त्याच नोव्हेंबरात इथूनच शर्ली चिझम अमेरिकी काँग्रेसवर निवडून आल्या, काँग्रेसमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला.

काय मिळालं

१९६९ मध्ये मंडळाने माघार घेतली, निदान अर्धी. व्यावसायिक शिक्षणाचं 'प्रायोगिक' चार वर्षांचं कॉलेज मंजूर झालं. असोसिएट आणि बॅचलर अशा दोन्ही पदव्या एकाच छताखाली देणारं. दोन वर्षांत नोकरीकडे वळायचं त्याने वळावं, पुढे जायचं त्याला वाट अडवलेली नसावी. कागदावर ही रचना आजही शहाणपणाची वाटते. अध्यक्षपदावरून मात्र बराच काळ रस्सीखेच चालली. अखेर १९७० मध्ये रिचर्ड ट्रेंट यांची नेमणूक झाली.

नावही त्याच वर्षी ठरलं. मेडगर एव्हर्स हे कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे मिसिसिपीतले क्षेत्रीय सचिव. दुसऱ्या महायुद्धात लढून परतलेला हा माणूस १९५४ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या कायदा शाखेत प्रवेश मागायला गेला, आणि तो गोरा नाही म्हणून त्याचा अर्ज फेटाळला गेला. १२ जून १९६३ च्या पहाटे जॅक्सनमध्ये स्वतःच्या घरापुढे, गाडीतून उतरताना त्यांना गोळी घालण्यात आली. प्रवेश नाकारलेल्या माणसाचं नाव प्रवेशासाठी भांडून मिळवलेल्या कॉलेजला द्यायचं, यात भावनेपेक्षा नेमकेपणा जास्त आहे. नामकरणाच्या सोहळ्याला त्यांच्या पत्नी मर्ली एव्हर्स आल्या होत्या.

जागेच्या बाबतीत तडजोड झाली. कॉलेज बेड-स्टायमध्ये नाही, त्याच्या दक्षिणेला लागून असलेल्या क्राउन हाइट्समध्ये स्थिरावलं. कॅरोल स्ट्रीटवर जेझुइटांची मुलांची शाळा होती, ब्रुकलिन प्रेप, १९०८ पासूनची. भागातली गोरी कॅथलिक कुटुंबं उपनगरांकडे गेली तशी शाळा ओस पडत गेली, १९७२ मध्ये बंद झाली आणि तिची इमारत कॉलेजकडे आली. पुढे बेडफर्ड ॲव्हेन्यूवर दुसरी इमारत झाली, ती जिथे एबेट्स फील्ड हे बेसबॉलचं मैदान होतं त्याच्या समोर. जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू वर्णभेदाची भिंत मोडून १९४७ मध्ये ज्या मैदानावर ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून उतरला ते मैदान. संघ लॉस एंजेलिसला निघून गेला आणि १९६० मध्ये ते पाडलं गेलं. म्हणजे कॉलेजच्या दोन्ही प्रमुख जागा दुसरं कुणीतरी सोडून गेल्याच्या खुणा आहेत. दाट वस्तीत नवी जागा म्हणजे कुणाची तरी घरं पाडणं, हा पेच लक्षात घेतला तर क्राउन हाइट्स हा निर्णय वाईट म्हणता येत नाही. पण बेड-स्टायच्या नावाने मागितलेलं कॉलेज बेड-स्टायला मिळालं नाही, हेही खरंच.

१९७१ च्या शरद ऋतूत वर्ग सुरू झाले, पहिल्या तुकडीत हजाराच्या आसपास विद्यार्थी. वेळ अशी जुळून आली होती की त्याच्या आदल्याच वर्षी सिटी युनिव्हर्सिटीने शहरातल्या शाळा पास झालेल्या प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या कॉलेजात जागा द्यायचं धोरण लागू केलं होतं. मूळ बेत १९७५ चा होता. एप्रिल १९६९ मध्ये सिटी कॉलेजच्या कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकन विद्यार्थ्यांनी कॉलेजचा एक भाग ताब्यात घेऊन दोन आठवडे बंद पाडला, तेव्हा तो पाच वर्षं अलीकडे आला. मेडगर एव्हर्सच्या पहिल्या विद्यार्थ्यांना म्हणून दार उघडं होतं आणि फी शून्य होती.

काय मिळालं नाही

अध्यक्ष नेमायचा आणि काढायचा अधिकार मंडळाकडेच राहिला. अर्थसंकल्पाचाही. वस्तीला सल्लागाराची भूमिका मिळाली. स्थापनेच्या उत्साहात ही वाटणी फारशी खटकत नाही. पाच वर्षांनी ती काय महागात पडली ते दिसलं.

१९७५ मध्ये न्यू यॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आलं. विद्यापीठाला खर्च कापायचा होता आणि कात्री कुठे चालवायची हे ठरवताना सर्वांत नव्या, सर्वांत गरीब कॉलेजांकडे नजर गेली. १९७६ मधल्या योजनेत होस्टोस ब्राँक्स कम्युनिटी कॉलेजात विलीन करायचं होतं, आणि क्वीन्समधलं यॉर्क व मेडगर एव्हर्स यांना चार वर्षांवरून दोन वर्षांच्या दर्जावर आणायचं होतं. त्या जूनमध्ये तर पगाराला पैसे नाहीत म्हणून अख्खं विद्यापीठ दोन आठवडे बंद राहिलं, आणि उघडलं ते १२९ वर्षांची मोफत शिक्षणाची परंपरा मोडून, फी लावून.

यॉर्कने चार वर्षांचा दर्जा राखला. होस्टोसच्या लोकांनी कॉलेजच्या इमारती व्यापल्या, रस्त्यावर उतरले, आणि राज्याच्या विधिमंडळाने ते वाचवलं. मेडगर एव्हर्सच्या वाट्याला आला विचित्र तोडगा: दर्जा कम्युनिटी कॉलेजचा, पण चार वर्षांचे चालू अभ्यासक्रम ठेवायला परवानगी.

वरवर पाहता बरंच वाचलं असं वाटतं. पण दर्जाच्या पाटीमागे पैशाचा प्रश्न होता. कम्युनिटी कॉलेजांचा खर्च शहर आणि राज्य यांच्यात वाटला जातो. चार वर्षांच्या कॉलेजांचा भार मात्र १९७० च्या दशकाअखेर राज्याने आपल्याकडे घेतला. मेडगर एव्हर्स चार वर्षांच्या पदव्या देत राहिलं आणि निधी घेत राहिलं दोन वर्षांच्या कॉलेजचा. १९६८ मध्ये वस्तीने जी मागणी सगळ्यांच्या आधी लावून धरली होती, तीच गेली. नाव राहिलं, इमारत राहिली, अभ्यासक्रमही राहिले. स्थापनेच्या वेळी 'चार वर्षं' हा शब्द मिळवला, पण त्यामागचा पैसा बांधून घेता आला नाही. खरं तर तो बांधून घेण्याची ताकद वस्तीकडे तेव्हा नव्हतीच, म्हणून आघाडीला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. आपण कशावर सही घेतली नाही याची जाण मात्र पुढच्यांना हवी होती.

दुसरा हिशेब १९८२ मध्ये चुकता झाला. विद्यार्थी, प्राध्यापक, माजी विद्यार्थी आणि वस्तीतले लोक यांची आघाडी अध्यक्ष ट्रेंट यांच्या विरोधात उभी राहिली. विद्यार्थ्यांनी अध्यक्षांच्या कार्यालयात ठिय्या मांडला तो तीन महिन्यांहून अधिक काळ. ट्रेंट यांना जावं लागलं.

त्या ठिय्यातली एक मागणी या कॉलेजबद्दल सगळं सांगून जाते: पाळणाघर. विद्यार्थ्यांत बायका बहुसंख्य होत्या आणि त्यांतल्या कितीतरी आया. दिवसभर नोकरी, संध्याकाळी वर्ग, आणि मूल ठेवायचं कुठे? जवळ कुणी सांभाळणारं नसेल त्या दिवशी वर्ग बुडणार. स्थापनेच्या चर्चेत पदवी, अध्यक्ष, कारभार असे मोठे शब्द होते. कॉलेज चालू झाल्यावर विद्यार्थी कोण आहेत ते कळलं आणि मागण्यांचा रंग पालटला. आंदोलनानंतर कॉलेजात बालसंगोपन केंद्र आलं. आज त्याच्या नावात एला बेकर यांचं नाव आहे. नेत्याभोवती नव्हे, माणसांभोवती चळवळ बांधावी असं आयुष्यभर सांगणाऱ्या बाईंचं नाव पाळणाघराला, हे मला कॉलेजच्या नावाच्या मोठ्या पाटीपेक्षाही आवडतं.

मधल्या काळात कॉलेजने आपली ओळख कमावली. कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स यांच्या पत्नी बेटी शबाझ १९७६ मध्ये इथे शिकवायला आल्या आणि १९९७ मध्ये मृत्यू येईपर्यंत इथेच होत्या. कादंबरीकार जॉन ऑलिव्हर किलेन्स यांनी १९८६ मध्ये कृष्णवर्णीय लेखकांची राष्ट्रीय परिषद इथे सुरू केली. १९८५ मध्ये कायदा आणि सामाजिक न्यायाचं केंद्र निघालं.

चार वर्षांच्या कॉलेजचा दर्जा परत मिळाला १९९४ मध्ये. गेल्यापासून १८ वर्षांनी. योगायोग असा की एव्हर्स यांच्या खुन्याला शिक्षा झाली तीही त्याच वर्षी, ३१ वर्षांनी.

प्रकरणातून काय घ्यायचं

असं कॉलेज मागणाऱ्या कुठल्याही वस्तीला सहसा दोनच प्रश्न विचारले जातात: जागा आहे का, आणि विद्यार्थी मिळतील का? मध्य ब्रुकलिनच्या अनुभवावरून मी आणखी तीन घालीन. पदवी कुठपर्यंतची? खर्च कोणत्या खात्यातून येणार, आणि ते खातं बदलायचा अधिकार कुणाला? प्रमुख कोण नेमणार? पहिल्याचं उत्तर लोकांनी लढून मिळवलं, दुसरं विचारलं गेलं तोवर उशीर झाला होता, आणि तिसरं अजून चालू आहे.

चालू आहे म्हणजे किती? २००९ मध्ये विल्यम पोलार्ड अध्यक्ष झाले. प्राध्यापक आणि वस्तीतले जुने कार्यकर्ते त्यांच्या विरोधात गेले आणि २०१३ मध्ये ते पायउतार झाले. त्यांच्या जागी शहराच्या शाळांचे एके काळचे प्रमुख रूडी क्रू आले. २०२१ मध्ये पॅट्रिशिया रॅम्झी, या कॉलेजच्या पहिल्या महिला अध्यक्ष. या सगळ्या नेमणुका विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाच्या. त्या मंडळावर दहा माणसं राज्यपालांची, पाच महापौरांची, आणि विद्यार्थी व प्राध्यापक यांचा प्रत्येकी एक प्रतिनिधी. मध्य ब्रुकलिनमधली एखादी गल्ली-समिती आज कॉलेजच्या प्रमुखाबद्दल काही म्हणू पाहत असेल, तर तिला दार ठोठवायचं आहे ते ऑल्बनीतल्या, म्हणजे राज्याच्या राजधानीतल्या, राज्यपालांचं. म्हणून १९६८ च्या आघाडीच्या बोलण्यांइतकंच, किंबहुना जास्तच, या कॉलेजच्या कामी आलं ते अल व्हॅन यांचं विधिमंडळात जाऊन बसणं.